टी.वाय.चा प्रोजेक्ट

आमचं तालुक्याचं कॉलेज. टी.वाय.ला गणित घेणारी मुलं मोजकीच. प्रोजेक्ट म्हणजे नेटवरून उतरवलेलं काहीतरी, वर स्पायरल बाइंडिंग. गुण मिळतात, वाचत कोणी नाही.

गेल्या वर्षी तीन मुलं म्हणाली, मॅडम, स्वतःचं काहीतरी करू. मी त्यांना कापरेकरांची क्रिया दिली. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना ६१७४ सापडला. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायचं. फार तर सात वेळांत ६१७४ येतो. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून मी दोनच अंक घ्यायला सांगितले, आणि बेस, म्हणजे मोजणीचा पाया, दहा सोडून दुसरा. पहिल्याच दिवशी वहीत काहीतरी मांडता यावं, एवढंच पाहिलं. आधी पुस्तकं वाचा म्हटलं की मुलं दिवाळीपर्यंत वाचतच बसतात.

बेस दहात दोन अंकी संख्या थांबत नाहीत. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. बेस ५ मध्ये मात्र ३१ वजा १३ म्हणजे १३च. हे दिसलं आणि मुलं कामाला लागली. नुसते तक्ते भरत होती.

त्यांतली एक मुलगी, एस.वाय.ला गुण बेताचेच, एक दिवस म्हणाली, "मॅडम, बेसला तीनने भागून दोन उरले की असा आकडा मिळतो. आणि बाकीच्या सगळ्या तिथेच येतात."

पहिलं बरोबर होतं, दुसरं नाही. सांगून टाकावंसं फार वाटलं. "बेस ८ सगळा करून आण," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून आली. ७० वजा ०७, ६१. ६१ वजा १६, ४३. ४३ वजा ३४, परत ०७. गोल फिरत होतं. पण तक्त्याकडे बघता बघता तिलाच सुचलं की संख्या सोडा, दोन अंकांतला फरक तेवढा धरा. बेसमध्ये एक मिळवून त्यातून फरकाची दुप्पट वजा केली की, चिन्ह सोडून, पुढचा फरक मिळतो. तिच्या पहिल्या वाक्याची सिद्धता मग अर्ध्या पानात झाली.

नंतर कळलं, हे आधीच छापून आलेलं आहे. दोघं मुलं हिरमुसली. त्यातच एका नियतकालिकाची मेल आली: फी भरा, आठवड्यात पेपर छापतो. एकाचे वडील पैसे द्यायला तयारही होते. मी घरी फोन केला. म्हटलं, पेपर न तपासता पैसे घेऊन छापतात, त्याला किंमत नसते. त्यापेक्षा तारखा घातलेली वही जपून ठेवा. वडिलांना पटायला वेळ लागला. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी वहीच मागितली आणि खोडलेल्या पानांवर प्रश्न विचारले.

मुलीला एम.टी.टी.एस. या गणिताच्या उन्हाळी शिबिराचा फॉर्म भरायला लावला. १९९३ पासून चालू आहे, निवासी असतं. शिफारसपत्रात 'कष्टाळू, होतकरू' न लिहिता बेस ८ ची हकीकत लिहिली. तिची निवड झाली.

यंदाच्या मुलांना तीन अंकी संख्या दिल्यात. बेस दहात ४९५ येतो, ते लगेच सापडलं. बेस ९ मध्ये दोन संख्यांतच ये-जा चालते, हे काल दिसलंय. का, ते अजून त्यांना निघालेलं नाही.