दोडामार्गचे तीन हिरवे

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात घेतलेलं दोडामार्ग तालुक्याचं उपग्रहचित्र फार फसवं असतं. तिलारी धरणाचं पाणी, कातळाचे सडे आणि पिवळी पडत चाललेली भातखाचरं सोडली, तर सह्याद्रीच्या पायथ्यापासून गोव्याच्या हद्दीपर्यंत सगळं एकसारखं हिरवं. काजूची बाग हिरवी, रबराची लागवड हिरवी, आणि ज्यातून हत्ती-वाघ कर्नाटक-गोव्याकडे ये-जा करतात ते रानही हिरवंच. हे तीन हिरवे एकमेकांपासून सोडवायचे आणि कुठलं रान कधी गेलं ते नकाशावर मांडायचं, हे काम मी काही वर्षं करते आहे.

देशाच्या वनसर्वेक्षण अहवालात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांवर असली, की ते वनाच्छादन धरलं जातं. जमीन कोणाची, झाडं कोणती, हे तिथे पाहिलं जात नाही. अहवाल ही व्याख्या उघडपणे सांगतो, त्यात लपवाछपवी नाही. पण उभं रान कापून रबर लावलं, तर काही वर्षांनी तीच जागा आकडेवारीत पुन्हा वनाच्छादन म्हणून येऊ शकते. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. ती पाळली जाते का हे तपासायचं, तर मुळात रान कुठे उभं होतं ते कळायला हवं. नुसत्या हिरव्याची बेरीज करून ते कळत नाही.

हिरवेपणा मोजायचा रूढ आकडा म्हणजे एनडीव्हीआय. जिवंत पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मात्र पानाच्या आतल्या पेशींवरून मोठ्या प्रमाणात परततात. अवरक्तातून लाल वजा करायचा, त्या फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागायचं, की उणे एक ते अधिक एक यांच्या मधला आकडा मिळतो. वनस्पतींच्या आरोग्याचं माप म्हणून हा आकडा शिकवला जातो. दोडामार्गात मार्चमध्ये तो काय सांगतो? ऐन, किंदळ, नाणा यांनी पानं टाकलेली असतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उभं असलेलं रान चित्रात विरळ, जवळजवळ पडीक दिसतं. शेजारची काजूची बाग बारमाही हिरवी, म्हणून ती भरगच्च. पानगळ हा त्या रानाचा धर्म आहे, आजार नव्हे. एका दिवसाच्या चित्रावर विसंबून रानाला पडीक ठरवणारे नकाशे मी पाहिले आहेत आणि ते पाहून मला मनापासून राग येतो, कारण पडीक ठरलेली जमीन वाचवायला कोणी पुढे येत नाही.

म्हणून जमिनीचं अख्खं वर्ष पाहावं लागतं. सेंटिनेल-२ या युरोपीय मोहिमेचा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला आणि दुसरा २०१७ मध्ये; दोघांमुळे दर पाच दिवसांनी त्याच जागेचं चित्र मिळू लागलं, तेही फुकट. त्यांच्या मुख्य प्रकाशपट्ट्यांत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळपास काहीच हाती लागत नाही, पण उरलेले महिने पुरतात. प्रत्येक पिक्सेलचा आकडा महिन्यांवर मांडला की रेषा बोलू लागतात. काजूची रेषा फारशी खाली येत नाही. पानगळीचं रान फेब्रुवारीपासून उतरतं आणि वळवाच्या सुमारास सावरतं. रबर मात्र थंडीत एकदम पानं टाकतं आणि काही आठवड्यांतच नवी पालवी धरतं. जानेवारीच्या आसपास पडलेला तो अरुंद खड्डा दिसला, की पायवाट नसलेल्या डोंगरउतारावरही रबर ओळखता येतं.

रबर येण्याआधीचा इतिहासही सापडतो. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर काळा डाग: तोडलेलं रान जाळलेलं. मग उघडी लाल माती, उतारावर मजग्यांच्या रेषा, कोवळ्या रबराच्या ओळींमध्ये अननस. मग हळूहळू एकसारखं होत गेलेलं छत्र, आणि अखेर जानेवारीतला तो खड्डा. २०१५ पूर्वीचं पाहायला लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं आहेत. एकेक तुकडा असा मागे नेत गेलं, की त्याच्या सुरुवातीला बहुतेकदा अखंड रान उभं दिसतं. ते पाहताना अजूनही माझा हात थबकतो.

रेषांनी सगळंच उलगडतं असं नाही. हेवाळे-बांबर्ड्याच्या देवराईत रानटी जायफळाची दलदल आहे. झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली, पायाखाली बारमाही पाणी. महाराष्ट्रात अशी जागा दुर्मीळ, म्हणून तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिचं क्षेत्र अडीच हेक्टरांच्या आसपास, म्हणजे माझ्या पडद्यावर जेमतेम अडीचशे पिक्सेल, आणि रेषा भोवतालच्या सदाहरित झाडीसारखीच. तिची हद्द मी हाताने आखली, जीपीएस घेऊन कडेकडेने चालत.

या रेषांवरून प्रत्येक तुकड्याचा वर्ग ठरवणारा संगणक आणखी एका प्रकारच्या तुकड्यांवर दर वेळी अडायचा, कधी काजू म्हणायचा, कधी रान. अशाच एका ठिकाणी वाट दाखवायला गावातले एक आजोबा सोबत होते. टॅबवरचा रंग पाहून ते म्हणाले, "बाय, ह्यां रान न्हय. ही जुनी काजी. पण खाली बघ, ऐन इलो, किंदळ इलो. साफ करूक माणसां खंय आसत?"

खाली खरंच पुरुषभर उंचीची रोपं दाटली होती. मुलं गोव्यात आणि मुंबईत कामाला. बाग बेणायला कोणी नाही, काजू वेचण्यापुरती वाट ठेवलेली. आजोबांनी एकेका रोपाचं नाव सांगितलं. संगणकाची ती गफलत नव्हतीच, जमीनच दोहोंच्या मध्ये उभी होती.

नकाशात मग मी चौथा वर्ग केला: रान होत असलेली बाग. एकत्र पाहिलं तर हे तुकडे दोन रानांमधली मोकळी जागा भरून काढतात आणि जनावरं त्यांतून जात असावीत. पण या जमिनी खाजगी आहेत. मालकाला उद्या रबरासाठी गिऱ्हाईक मिळालं, तर वरची काजू आणि खालचा ऐन एकाच आठवड्यात जाईल. म्हणून दर फेब्रुवारीत नवी चित्रं आली, की काळा डाग शोधायला मी सर्वांत आधी या चौथ्या वर्गाचे तुकडे उघडते.