येझदीची सीट

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. हातांना खाज सुटली होती! लिहिण्याची नव्हे, खरोखरची. पंधरा दिवस आमच्या अंगणात फायबरग्लासचा उद्योग चालला होता. त्यात काचेचे बारीक धागे अंगात शिरतात आणि माणूस रात्रभर खाजवत बसतो.

आमची येझदी रोडकिंग १९८६ सालची. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून घेतली होती. सातारच्या आमच्या गल्लीत तिच्या आवाजावरून शाळा सुटल्याचं कळायचं. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. येझदी नावाच्या नव्या गाड्या २०२२ पासून आल्या आहेत, पण त्यांची सीट आमच्या म्हातारीला कशी बसणार? मूळ सीटचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. त्यातून मागच्या वर्षी एका गतिरोधकावर सौ. घसरली. पडली नाही, पण त्या दिवसापासून ती मागे बसायची बंद झाली. "आता रिक्षानं जाऊ," एवढंच म्हणाली.

आता खरी गोष्ट. आमचा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी आला. मुलगा-सून पुण्याला. तिथे रोज वादावादी, म्हणून तो इकडे आला. मी चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. जेवताना तोंडातून निघून गेलं, "पुढं काय? गॅरेजात बसून सीटा शिवणार का?"

तो काही बोलला नाही. ताट उचललं आणि उठला. सौ.नं माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

तीन-चार दिवसांनी तो माझ्यासमोर एक कागद घेऊन आला. येझदीचं चित्र, मापांसकट. म्हणाला, "आजोबा, सीट करायची का? शिवायची नाही, आधी बनवायची." टोमणा होता की विनंती, ते मला कळलं नाही. मी हो म्हणालो.

दिवाळी झाली होती, हवा कोरडी होती. दमट हवेत हे काम नीट होत नाही म्हणे. त्यानं गाडीची चौकट प्लॅस्टिकनं झाकली, वर चिकटपट्टी लावली आणि त्यावर मेण चोपडलं. मेण नसेल तर फायबर खालच्याला धरून बसतं, सुटत नाही. मग रेझिन. त्यात आधी जांभळं कोबाल्ट टाकून पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. ही दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडू शकतो, म्हणून बाटल्यासुद्धा त्यानं अंगणाच्या दोन टोकांना ठेवल्या. अर्ध्या किलो रेझिनला ५ ते १० मिली हार्डनर. मग हातात पंधरा-वीस मिनिटं, ऊन असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्यात काचेच्या मॅटचा तुकडा ठेवायचा आणि ब्रशनं ठोकून ठोकून हवेचे बुडबुडे काढायचे. ब्रश ओढायचा नाही, ठोकायचा. ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार थर झाले, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर जाडी. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि वासानं डोकं भणभणलेलं.

मागच्या भागाच्या आकारासाठी त्यानं थर्मोकोल कोरून ठेवला होता. दोन दिवसांची मेहनत. तो चिकटपट्टी आणायला बाजारात गेला आणि मी, शहाणा मास्तर, मदत म्हणून उघड्या थर्मोकोलवर रेझिनचा ब्रश फिरवला. बघता बघता तो चहातल्या साखरेसारखा विरघळला! मी ब्रश हातात घेऊन तसाच उभा.

तो आला. बघितलं. माझ्या छातीत धडधड. माझ्या वर्गात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी काय काय बोललो असतो, ते मला माहीत आहे. हा खाली बसला आणि म्हणाला, "रेझिनमध्ये स्टायरीन असतं, आजोबा. थर्मोकोलही त्याच्यापासूनच बनतो. म्हणून विरघळतो. वर आधी चिकटपट्टी लावायची असते. मी सांगायला हवं होतं. परत करू."

परत करू. चौतीस वर्षांत किती पोरांना मी हे दोन शब्द म्हणालो असेन? मोजायला बसलो तर फार वेळ लागला नाही.

दुसऱ्यांदा कोरताना मी विचारलं, "मागचा भाग असा खोलगट आणि दोन इंच खाली का?" तो म्हणाला, "आजी एका बाजूला बसते ना. खाली असलं तर चढायला सोपं, आणि खोलगट असलं की घसरणार नाही." आजी का बसत नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत असूनही मी वर्षभर फक्त रिक्षाचे पैसे देत होतो.

दुसऱ्या दिवशी साचा टकटक करून सुटा झाला. कडा घासल्या, बोल्टची भोकं पाडली, सोल्युशननं फोम चिकटवला. रेक्झिन मात्र बाजारातल्या कुशनवाल्याकडून शिवून घेतलं. तिथे बाकावर बसून हा टाका कसा घालतात ते बघत होता. मी काही बोललो नाही.

रविवारी सौ.ला घेऊन संगम माहुलीला जाऊन आलो. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा. येताना तो नुसताच ठेवलेला होता.

नातू पुढं काय करणार, ते अजून ठरलेलं नाही. मुलाचा फोन येतो, मी सांगतो, "थोडा वेळ दे." आधी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना जे बोललो, त्याबद्दल नातवाला अजून काही म्हणता आलेलं नाही. तो हे पान वाचतो. म्हणून इथे लिहिलं.

चुकलो रे बाळा. परत करू.