न थांबणारी राणी

मोठ्या जहाजांचें कौतुक लहानथोर सर्वांसच असतें, आम्हांसही आहे. 'क्वीन मेरी' या ब्रिटिश आगबोटीचें चित्र प्रथम पाहिलें तेव्हां तिचीं तीन तांबडीं धुराडीं आणि १,०१९ फूट लांबी यांपलीकडे आम्हांस कांहींच दिसलें नाहीं. पुढें तिची हकीकत वाचीत गेलों तशी त्या चित्राकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली.

स्कॉटलंडांत क्लाइड नदीच्या कांठीं १९३० सालीं तिच्या बांधणीस आरंभ झाला. परंतु जगभर पसरलेल्या मंदीमुळें १९३१ च्या डिसेंबरांत काम बंद पडलें, तें १९३४ पर्यंत. अर्धवट सांगाडा कांठावर उभा आणि कामकरी घरीं बसलेले! अखेर १९३६ च्या मे महिन्याच्या २७ तारखेस ती साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे पहिल्या सफरीस निघाली. पुढील तीन वर्षें धनिकांनीं तिच्यावर ज्या मेजवान्या झोडल्या, त्यांचें वर्णन करीत आम्ही येथें बसत नाहीं.

१९३९ सालीं महायुद्ध पेटलें आणि तिला राखी रंग फांसण्यांत आला. १९४० सालीं सिडनी बंदरांत सैनिकांसाठीं तिच्यावर खाटा बसविल्या गेल्या. गालिचे, काचसामान, उंची खुर्च्या सर्व कांहीं खालीं उतरलें. त्याच वर्षाच्या अखेरीस ती ऑस्ट्रेलियन सैनिक घेऊन आपल्या मुंबईसही येऊन गेली. तेथून पुढें ते लहान जहाजांनीं गेले. अमेरिकन फौजा नेऊं लागल्यावर तर एकावर एक अशा खाटांच्या उतरंडी लागल्या. पोहण्याचा हौदही त्यांतून सुटला नाहीं. जागा अपुरी म्हणून निजावयाचें तें पाळीपाळीनें, आणि जेवण दिवसांतून दोनदांच! १९४३ च्या जुलैंत एका खेपेस खलाशांसुद्धां १६,६८३ माणसें तिच्यावर होतीं. एक अख्खा गांवच समुद्रावर चालला होता म्हणा ना!

या गांवाचें रक्षण काय तें तिचा वेग. ताशीं २८ सागरी मैलांहून अधिक वेगानें, नागमोडी वळणें घेत ती धांवे. पाणबुडीस तिचा पाठलाग करणें अशक्य होई. म्हणूनच तिच्या कप्तानास सक्त हुकूम होता, कीं कांहींही झालें तरी जहाज थांबवावयाचें नाहीं.

१९४२ च्या ऑक्टोबरची २ तारीख. सुमारें दहा हजार अमेरिकन सैनिक घेऊन 'क्वीन मेरी' आयर्लंडच्या उत्तरेस आली होती. विमानांपासून तिचें संरक्षण करण्यासाठीं 'क्युरासोआ' नांवाची जुनी क्रूझर पुढें सरळ मार्गानें चालली होती. राणी वळत होती, क्रूझर वळत नव्हती. दुसरें जहाज बाजूस होईल असें दोघींवरही वाटत राहिलें. दुपारीं दोनच्या पुढें राणीच्या नाळेनें क्रूझरचे दोन तुकडे केले. राणीवरील पुष्कळांस केवळ हलकासा धक्का जाणवला. 'क्युरासोआ' कांहीं मिनिटांत बुडाली.

आणि 'क्वीन मेरी' थांबली नाहीं. कप्तान इलिंगवर्थ यांनीं दूरवर असलेल्या विनाशिकांस बुडणाऱ्यांच्या मदतीस जाण्याचा संदेश धाडला, आणि मोडक्या नाळेनिशीं जहाज पुढें नेलें. तीनशेंहून अधिक खलाशी बुडाले; सुमारें शंभर वांचले.

येथें पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसलों. कप्तानास निर्दय म्हणावें, तर दहा हजार मातांचे पुत्र त्याच्या पायांखालीं होते. जहाज उभें राहतें आणि पाणबुडी जवळ असती तर? योग्य म्हणावें, तर कठड्याजवळ उभ्या असलेल्या ज्या सैनिकांनीं पाण्यांतील माणसें मागें मागें पडतांना पाहिलीं, त्यांच्या डोळ्यांपुढें तो 'योग्य' शब्द उच्चारण्यास आमची जीभ रेटत नाहीं. आमच्या मतें त्यानें हुकूम पाळला तो बरोबरच केला. तरी त्या रात्रीं त्याला झोंप लागली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

युद्ध संपेपर्यंत ही वार्ता गुप्त राहिली. मग वर्षानुवर्षें खटला चालला. १९४९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें कायम केलेल्या निकालाप्रमाणें दोषाचे दोन वांटे नौदलाच्या माथीं आले, एक वांटा जहाजाच्या कंपनीच्या. न थांबल्याचा दोष मात्र त्यांत नव्हता; वाद होता तो टक्कर कोणामुळें झाली याचा.

१९४६ सालीं अमेरिकन सैनिकांशीं लग्न झालेल्या तरुणी आपलीं तान्हीं मुलें घेऊन याच जहाजानें सासरीं गेल्या. १९४७ पासून ती पुन्हां उतारूंची झाली. १९६७ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील लाँग बीच बंदरीं तिची शेवटची सफर संपली. तेथेंच ती आज बांधलेली आहे आणि प्रवासी तिच्यावर मुक्कामास उतरतात.