मुठीचा दोष

काही वस्तू बोल खाण्यासाठीच जन्माला येतात. जुन्या मोटारीचे बॉनेट उघडणारी मूठ त्यांतलीच. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ साली डांबराचा ७५ किलोमीटरचा पट्टा अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विश्वविक्रम झाला. पण रस्ता कितीही गुळगुळीत असो. गाडी तापली आणि मूठच हातात आली, तर प्रवास तिथेच संपतो!

आमच्या मोटारीची मूठ दुसऱ्यांदा मोडली, तेव्हा अकोल्याच्या मिस्त्रीने लगेच नवी बसवायचे नाकारले. "मुठीले काहून बोल लावता, सर? तिकडं कुलूप गंजलं हाय!"

हाताखालच्या पोराला बॉनेट दाबून धरायला लावून त्याने पकडीने उघडी तार ओढली. सायकलच्या ब्रेकसारखीच ही नळीतली तार. बाउडन नावाच्या संशोधकाने १८९६ साली तिचे पेटंट घेतले. मिस्त्रीने कुलूप घासले, तारेला तेल पाजले आणि मगच मूठ बसवली. आता दोन बोटे पुरतात.

उन्हाने ठिसूळ झालेली ती मूठ बिचारी दुसऱ्याच्या गंजाचा ताण सोसत होती. हल्ली वर्गातला एखादा शांत मुलगा एकाएकी तडकला, की रागावण्याआधी मी त्याला विचारतो, "घरी सगळे ठीक आहे ना?" उत्तर द्यायला त्याला बराच वेळ लागतो.