फोनचा माळा

मंडळी, मराठी घरात माळा नावाची एक सोय असते. तिथे नक्की काय काय आहे ते घरातल्या कुणालाच धड माहीत नसतं, पण "वर आहे" एवढं सगळ्यांना माहीत असतं. झाकण हरवलेलं पातेलं, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, सुतळीने बांधलेले दिवाळी अंक, कुणाच्या तरी लग्नात आलेलं आणि अजून न उघडलेलं भिंतीवरचं घड्याळ. टाकून द्यायचं नाही, कारण कधीतरी लागेल. बरं, माळा गच्च भरला म्हणून घराचं काही अडत नाही. दार उघडतं, चहा होतो, शेजारी येतात-जातात. फोनचं तसं नाही. फोनचा माळा भरला की घराचं दारच उघडेनासं होतं.

इथे वॉटफर्डला राहायला लागल्यापासून हा प्रकार मी फार जवळून पाहतोय. वॉटफर्ड म्हणजे लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशायरमधलं गाव. जंक्शनवरून जलद गाडी पकडली की वीसेक मिनिटांत यूस्टन. गावाला लागूनच लेव्ह्सडनला हॅरी पॉटरचा स्टुडिओ आहे. तो २०१२ मध्ये लोकांना खुला झाला आणि तेव्हापासून वॉटफर्डच्या यच्चयावत देशी घरांत पाहुण्यांचा ओघ वाढला. ह्या स्टुडिओत शेवटी शेवटी हॉगवर्ट्सच्या किल्ल्याची एक अवाढव्य प्रतिकृती येते. तिच्यासमोर पोचल्यावर पाहुणा फोन वर करतो, आणि नेमका तेव्हाच फोन सांगतो, जागा शिल्लक नाही! मग मावशी-काका लोक भिंतीला टेकून घाईघाईने जुने फोटो उडवायला लागतात. समोर किल्ल्यावर दिवस मावळतोय, दिवे लागतायत, आणि आमचे काका मान खाली घालून पुतण्याच्या मुंजीचे फोटो पुसतायत. :)

हा आपलाच राष्ट्रीय रोग आहे की काय, असं वाटत असेल तर वाटणं अगदीच चूक नाही. जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ह्यावर चक्क बातमी छापली होती. भारतात इतके फोन का अडकून पडतात ह्याचा शोध गूगलची माणसं घेत होती. तपासाअंती आरोपी सापडला तो म्हणजे आपलं 'गुड मॉर्निंग'! उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, चहाचा कप आणि खाली सुविचार. त्याच बातमीत वेस्टर्न डिजिटल कंपनीचा एक आकडा होता: भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाच्या. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' नावाचं साफसफाईचं ॲप काढलं होतं (आता त्याला नुसतं 'फाइल्स' म्हणतात), आणि हे असले फोटो हुडकून काढणं हे त्याचं एक काम होतं. म्हणजे कॅलिफोर्नियात बसून इंजिनिअर लोक यंत्राला शिकवत होते की बाबा रे, हे फूल खरं आणि हे फूल सुप्रभातचं.

आम्ही ऑफिसातल्या देशी मंडळींनी ही बातमी एकमेकांना फॉरवर्ड करून खूप हसून घेतलं. पण मागच्या फेब्रुवारीत जे झालं त्यानंतर मला त्या फुलांना हसणं जमत नाही.

माझी आत्या वाईला राहते. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, घरात एकटी. तिची मुलगी पुण्यात, एक भाचा न्यू जर्सीत, मी इथे. रोज सकाळी सहाला आत्या कुटुंबाच्या ग्रुपवर सुप्रभात टाकते. तिकडचे सहा म्हणजे हिवाळ्यात आमचे रात्रीचे साडेबारा. मी उठतो तेव्हा ते येऊन पडलेलंच असतं. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. मी ते उघडूनही बघत नसे. आलंय एवढं दिसलं की पुरे.

एका मंगळवारी गणपती आला नाही. म्हटलं, गेली असेल कुठे. बुधवारीही काही नाही. फोन लावला तर बंद. पुण्याहून बहिणीने लावला, बंद. घरचा जुना लँडलाइन फोन केव्हाच काढून टाकलेला. तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की तीन देशांत मिळून आम्ही इतकी माणसं, पण आत्या आज सकाळी उठली की नाही हे कळायचा तो एक गणपतीचा फोटो सोडून दुसरा कुठलाही मार्ग आमच्याकडे नाही.

शेवटी शेजारच्या वहिनींचा नंबर मिळवला. "वहिनी, जरा आत्याकडे जाऊन बघता का हो?" त्या चपला घालून फोन हातात तसाच धरून निघाल्या. वॉटफर्डच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होतो. मग फाटकाची कडी वाजली. मग वहिनी म्हणाल्या, "अहो, ह्या तर मेथी निवडतायत."

आत्या फोनवर आली ती फणफणतच. "अरे, तो फोन म्हणतो जागा नाही. एवढ्या मोठ्या घरात मी एकटी, आणि ह्याला म्हणे जागा नाही! काही उघडेच ना. तापला होता. बंद करून ठेवलाय देवघरात, गार होऊ दे म्हणून."

शनिवारी सफाई काढली. पद्धत अशी की वहिनींच्या फोनचा कॅमेरा आत्याच्या फोनवर धरायचा, म्हणजे मला इथून दिसणार. ३२ जीबीचा फोन, भाच्याकडून वारशाने आलेला. त्यात आधी निघाली ती फोन स्वच्छ करून देतो म्हणून जाहिरात करणारी दोन ॲप्स. ती स्वतःच जागा अडवून वर दिवसभर जाहिराती दाखवत होती. ती काढली. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधली साठ्याची यादी उघडली. ही यादी २०२० च्या अखेरीस आली आणि फार कामाची आहे. त्यात पाच एमबीपेक्षा मोठ्या गोष्टी वेगळ्या निघतात, आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या. तिथे सव्वा तासाचं एक कीर्तन सापडलं. आत्या म्हणाली, "ते अर्धं ऐकलंय." म्हटलं, उरलेलं ऐक, मग पुसू.

मग फोटो. तिथे माझी समजूत जरा बदलली. दर महिन्याला काढलेला विजेच्या मीटरचा फोटो. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. आणि गोळ्यांच्या पाकिटांचे मागच्या बाजूने काढलेले ढीगभर फोटो. हे कशाला, विचारलं तर म्हणाली, "अक्षर बारीक असतं रे. फोटो काढून मोठा करून वाचते, कधीपर्यंत चालतील ते." म्हणजे हा फोन तिचं भिंगही आहे. त्याला हात लावला नाही.

राहिला सुप्रभातचा ढिगारा. चार हजारांवर फोटो. मी म्हटलं, हे सगळे उडवू. आत्या जवळजवळ ओरडलीच, "अरे, तो साठा आहे माझा!" साठा? तर ह्या बाई आलेले चांगले चांगले फोटो बेगमीच्या पापड-कुरडयांसारखे जमवून ठेवत होत्या, पुढे पाठवायला. त्यातही गॅलरीतून निवडून पाठवलं की 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये आणखी एक प्रत साठते. म्हणजे एकेक गणपती दोन दोनदा. मी म्हटलं, आठवड्याचे वार सात, सात फोटो ठेव. त्यावर उत्तर, "तोच गणपती दर मंगळवारी? लोक काय म्हणतील?" घासाघीस करून प्रत्येक वाराचे दहा असा तह झाला.

आता ह्यातली खरी गंमत बघा. असा एक सुप्रभातचा फोटो साधारण दीडशे केबीचा. म्हणजे चार हजारांचे झाले ६०० एमबी. कमी नाही, पण ३२ जीबीच्या मानाने डोंगरही नाही. मग डोंगर कुठे होता? आम्ही पाठवलेल्या व्हिडिओंत! फोरकेमध्ये, सेकंदाला तीस चित्रं ह्या हिशेबाने काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ आयफोनवर सुमारे १७० एमबी खातो, असं त्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, पण २०२२ पासून तिथे दोन जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पाठवता येते आणि आमच्या घरात "क्वालिटी जाते" म्हणून तशीच पाठवतात. चिरंजीवांनी अंगणात फिरकी टाकली त्याचं एक मिनिट म्हणजे आत्याचे हजाराच्या वर देव. हसतोय आपण कुणाला, आणि जागा खातंय कोण!

जागा करताना काय ठेवायचं हा प्रश्न तसा वॉटफर्डला नवा नाही. इथे कॅशिओबरी पार्क म्हणून सुंदर बाग आहे, कडेने ग्रँड युनियन कालवा वाहतो. एके काळी तिथे अर्ल ऑफ एसेक्सचा मोठा वाडा होता. वाडा परवडेना म्हणून १९२२ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव झाला, आणि १९२७ मध्ये वाडाच पाडला. आज बागेत फिरताना इथे वाडा होता हे सांगूनही खरं वाटत नाही. पण त्यातला पानाफुलांच्या कोरीवकामाचा लाकडी जिना कुणीतरी वाचवला. तो १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने घेतला आणि तिथे बघायला मिळतो. वाडा डिलीट, जिना बॅकअपमध्ये! लिलावाच्या यादीत तोही बहुधा एक ओळ असेल. निवडणाऱ्याची नजर महत्त्वाची.

बॅकअपवरून आठवलं. ह्या सफाईत लोक सगळ्यात जास्त फसतात ते तीन ठिकाणी, म्हणून लिहून ठेवतो.

एक. गूगल फोटोजमध्ये 'जागा मोकळी करा' असं बटण आहे. ते वर सुखरूप पोचलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतं. पण त्याच ॲपमध्ये फोटो निवडून डबा दाबला तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही. मग तो काही दिवस कचऱ्यात असतो आणि तिथूनही नाहीसा होतो. दोन्हीतला फरक घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा समोर बसवून दाखवा.

दोन. 'कॅशे' पुसणं आणि 'डेटा' पुसणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं म्हणजे टेबल पुसणं, दुसरं म्हणजे टेबल विकणं. व्हॉट्सॲपचा डेटा पुसला की बोलणी गेली, बॅकअप असेल तेवढीच परत.

तीन. वरची जागा फुकट आणि अमर्याद आहे ही समजूत जुनी झाली. गूगलने फोटोंची मोफत अमर्याद सोय १ जून २०२१ ला बंद केली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजतात. म्हणजे खालचा माळा भरला म्हणून वर टाकायला जावं, तर वरचाही माळाच.

आणि एक सोपा उपाय: व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करा. आत्याच्या फोनमध्ये ते केलं आणि निम्मं काम तिथेच झालं. जे बघायचं असेल त्यावर बोट ठेवावं, मग ते येतं. पंगतीत आग्रह नको, हवं ते मागून घ्या.

सफाई संपली तेव्हा ११ जीबी मोकळे झाले होते. आत्याने विचारलं, "म्हणजे किती वर्षं पुरतील?" इंजिनिअर माणसाला असा प्रश्न विचारू नये, कारण तो हिशेब करतो. मी म्हटलं, आत्या, तू फोटोऐवजी रोज नुसतं "उठले." असं लिहिलंस तर? चार देवनागरी चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, अधिक एक टिंब. तेरा बाइट. पाकिटाचं वजन सोडून दिलं तर एका सुप्रभातच्या फोटोच्या जागेत असे अकरा हजार निरोप मावतात. रोज एक म्हटलं तरी तीस वर्षांहून जास्त.

आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तीस वर्षं कशाला रे. आणि रोज नुसतं 'उठले' काय लिहायचं, शाळेतला हजेरीपट आहे का?"

तेव्हापासून फोटो चालूच आहेत, वाराप्रमाणे. फक्त आता खाली एक ओळ असते. "उठले. चहा झाला." कधी "गुडघा बरा आहे." परवा "जास्वंदीला कळ्या आल्यात." आणि मी आता ते उघडून वाचतो, जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट बघत. तुमच्याही घरच्या ग्रुपवर असं कुणीतरी रोज फूल टाकत असेल. जागा करायला सांगा त्यांना, जमलं तर शेजारी बसून करून द्या. आणि शेजारच्या वहिनींचा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. त्याला फारशी जागा लागत नाही.