बोरू, पडदा आणि चार डोकी

इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी दफ्तरातला ढीग हलल्यासारखा वाटत नाही. पुण्यात, कोल्हापुरात, थेट तंजावरच्या सरस्वती महालात मोडी लिपीतले कागद पडून आहेत आणि वाचणारे मोजके. त्यामुळे गावोगावी मोडीचे वर्ग भरतात. अशाच एका वर्गाच्या बाईंनी वाचनाची एक रीत बसवली आहे. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो भिंतीवरच्या पडद्यावर येतो, लिप्यंतर सगळे मिळून एकाच सामायिक फाइलमध्ये टाइप करतात आणि प्रत्येकाच्या पुढ्यात दौत, बोरू व पातळ ट्रेसिंग पेपर असतो.

बोरूचं प्रयोजन नव्या मुलांना पटत नाही. पडद्यावर अक्षर वीतभर मोठं होत असताना ते गिरवत कशाला बसायचं?

मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. काना अक्षराच्या शेपटापासून वर जाऊन खाली येतो आणि मागून आलेल्या वळणाप्रमाणे पुढचं अक्षर रूप बदलतं; ‘र’ तर दर ओळीत नवा भेटतो. पडद्यावर हा सगळा गुंता नुसता मोठा दिसतो, सुटत नाही. ट्रेसिंग पेपर ठेवून तीच ओळ बोरूने गिरवली की लेखणी कुठून आली, कुठे वळली हे बोटांना कळतं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असल्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, त्यावरूनही हाताची दिशा सापडते. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली, पण फाँटमधलं अक्षर ठरलेल्या साच्यातलं. कारकुनाचा हात तसा नसतो.

जमाखर्चाच्या कागदावर मात्र संगणक खरा कामाला येतो. तिथे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. समजा, रकमा वाचल्या ३॥, २। आणि ४॥ आणि खाली बेरीज आहे १०॥. एक्सेलमध्ये या रकमा ३.५, २.२५, ४.५ अशा घातल्या की पाव रुपया कमी पडतो. कारकून चुकला नसेल, तर वाचणाऱ्याची एक रेघ सुटली आहे. मग मूळ कागद काढायचा आणि टॉर्च आडवी धरून शाई उडालेली जागा बघायची. टोकदार लेखणीने कागदावर पाडलेला ओरखडा अशा उजेडात कधीकधी दिसतो. ४॥ च्या पुढे तो सापडला की रक्कम ४॥। होते आणि बेरीज जुळते.

तारखांचं काम त्याहून चिवट. पेशवेकालीन पत्रांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहितात. समजा, ‘सबैन मया व अलफ’ एवढं लागलं, म्हणजे ११७०. पण त्याआधीचा एककाचा शब्द नेमका घडीत फाटला आणि ‘स’ तेवढा उरला. तो सल्लास असेल, सित, सबा किंवा समान. म्हणजे ११७३, ११७६, ११७७ किंवा ११७८. शुहूर सन मृगाला सुरू होतो आणि त्यात ५९९ मिळवले की सुरुवातीचं इसवी साल मिळतं. त्यामुळे अंतर १७७२ पासून १७७८ पर्यंत ताणलं जातं. इथे चार डोकी लागतात. पत्रात सवाई माधवरावांचा उल्लेख असेल तर ११७३ बाद, कारण त्यांचा जन्मच एप्रिल १७७४ चा. कोणी ‘छ’ या खुणेपुढची चांद्र तारीख आणि सोबतचा वार घेऊन जंत्री उघडतं. कोणी त्याच हाताची दुसरी पत्रं फोटोंच्या फोल्डरमधून शोधून त्याचा ‘स’ कसा वळतो ते बघतं.

“बाई, सबाच असणार,” असं कोणी म्हणालं की बाई विचारतात, “कशावरून?” उत्तर फाइलमध्ये त्या शब्दाशेजारी टिपायचं, असा दंडक आहे. ‘रा’ या संक्षेपावरूनही असाच वाद होतो: नावाआधी आला तर बहुधा राजश्री, गावाआधी आला तर राहणार. पण नाव आणि गाव यांना वेगळं करणारी जागाच नसते तेव्हा दोन्ही बाजूंना पुरावा लागतो.

हल्ली यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोग चालले आहेत. यंत्राला शिकवायला फोटो आणि त्याचं अचूक लिप्यंतर अशा जोड्या लागतात. म्हणून बाईंच्या वर्गात स्वच्छ प्रत वेगळी काढली, तरी वादाची फाइल पुसत नाहीत. फाटलेला शब्द तिथे चौकटी कंसात ‘स[बा?]’ असा राहतो, बाद केलेले तीन पर्याय आणि ते का बाद केले हे पुढे लिहून.