उतू जाणारे डोंगर

शेगडीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही. टक लावून बसावे तर ते वर येत नाही, आणि वर्तमानपत्राचे पान उलटावे तर शेगडी न्हाऊन निघते. काही विद्वान माणसे हेच काम पगार घेऊन जन्मभर करतात, तेही डोंगरांच्या बाबतीत, हे मला आमच्या थोरल्या मुलीच्या नोकरीमुळे कळले.

ती सिअॅटलला असते. कचेरीच्या कामासाठी तिला वर्षातून दोन-तीनदा टोकियोला जावे लागते. पृथ्वी गोल असल्यामुळे (शाळेत पाठ केलेले हे वाक्य प्रथमच उपयोगी पडले!) तिचे विमान बरेच उत्तरेकडून, अलास्का आणि अल्यूशन बेटांच्या बाजूने जाते. तिथे मनुष्यवस्ती अगदी विरळ, ज्वालामुखी मात्र उदंड. अलीकडच्या दोन-तीन शतकांत जागे झालेलेच पन्नासाहून अधिक भरतील.

“ओसाड बेटावर डोंगर फुटला तर कोणाचे काय जाते?” आमचे मेहुणे म्हणाले. त्यांना मी १५ डिसेंबर १९८९ ची हकिकत ऐकवली. अलास्कातला रिडाउट ज्वालामुखी आदल्याच दिवशी फुटला होता. के.एल.एम. कंपनीचे एक नवे कोरे जंबो विमान अँकरेज शहराकडे उतरत असताना त्याच्या राखेत शिरले. ही राख म्हणजे आपल्या बंबातली मऊ राख नव्हे. तो खडकाचा आणि काचेचा चुरा. इंजिनाच्या आचेत तो वितळतो आणि आतल्या पात्यांवर थिजून बसतो. चारही इंजिने बंद पडली. २४५ माणसे घेऊन ते विमान सुमारे चौदा हजार फूट खाली आले, आणि मग कुठे वैमानिकांना इंजिने पुन्हा चालू करता आली. सगळे सुखरूप उतरले. मेहुणे गप्प झाले. सौ. मात्र देवघराकडे गेली, त्यामुळे ही हकिकत तिच्यादेखत सांगायला नको होती असे मेहुणेच मला म्हणाले.

अलास्काची ज्वालामुखी वेधशाळा त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, सुरू झाली होती. डोंगरावर पहारा होता. पण ढग त्या घटकेला नेमका कुठे आहे, हे विमानात कळले नाही. त्यानंतरच रंगांची पद्धत आली. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे कुरबुर, नारिंगी म्हणजे सावध, आणि लाल म्हणजे मोठी राख उडाली किंवा आता उडणार. चार रंग कोणत्याही भाषेच्या वैमानिकाला कळतात.

रंग ठरवणे मात्र सोपे नाही. भूकंपमापक यंत्रे बसवायची तर हेलिकॉप्टरने जायचे, तेही उन्हाळ्याचे चार दिवस हवा बरी असली तर. हिवाळ्यात यंत्रे बर्फाखाली जातात. वर अस्वले येऊन तारा कुरतडतात. आपल्याकडे उंदीर, तिकडे अस्वल, एवढाच फरक! बोगोस्लोफ नावाच्या चिमुकल्या बेटावर तर एकही यंत्र नव्हते. डिसेंबर २०१६ ते ऑगस्ट २०१७ या काळात ते सत्तर वेळा स्फोट पावले. शेजारच्या बेटांवरचे भूकंपमापक, माणसाला ऐकू न येणारा खालचा आवाज टिपणारी यंत्रे, राखेच्या ढगातल्या विजा आणि उपग्रहांची चित्रे, एवढ्यावर दूरच्या माणसांनी त्या बेटाची नाडी पाहिली. बंद घरातले भांडण शेजाऱ्यांनी ओळखावे, तसे.

आता लेकीचे तिकीट निघाले की सौ. रोज विचारते, “आज रंग कोणता?” २०२३ च्या ऑगस्टात मला खरे उत्तर द्यावेसे वाटेना. शिशाल्डिन नावाचा नऊ हजार फुटांहून उंच डोंगर महिनाभर धुमसत होता. नारिंगीवरून लाल, लालवरून पुन्हा नारिंगी असे त्याचे चालले होते. विमान निघाल्यावर आम्ही दोघेही झोपलो नाही. दर तासाला मी वेधशाळेचे निवेदन वाचत होतो आणि सौ. माझे तोंड वाचत होती.

अखेर टोकियोहून फोन आला.

“प्रवास बरा झाला ना?” मी विचारले.

“बरा म्हणजे काय बाबा, सगळा वेळ झोपलेच होते.”

“शिशाल्डिनचा काही त्रास नाही ना झाला?”

“कोण शिशाल्डिन?”